‘शुडा’ म्हणजे काय? (गाणी ऐकून इंग्रजी शिकलेले कोणी आहेत का इथे)

बार्शी_लाईट

भाची आलीये सुट्टीला, दहावीत आहे, सेमी इंग्लिशवाली. काल गाडीत माझी जुनी गाणी लावली होती, तिचा हेडफोन चार्जिंगला होता म्हणून नाईलाजाने ऐकत होती आणि मधेच म्हणाली, मामा, ‘शुडा’ म्हणजे काय रे? डिक्शनरीत सापडत नाहीये.

मी गाडी बाजूला घ्यायचीच बाकी ठेवली होती. कारण अगदी हाच शब्द मी 2001 साली पुण्यात हॉस्टेलवर दोन दिवस शोधत होतो, खिशातल्या डिक्शनरीत ‘एस एच’ची सगळी पानं पालथी घातली होती.

बॅकग्राउंड सांगतो. मी बार्शीचा, मराठी मीडियम, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून 2000 साली सुरू झालं तेव्हा आम्ही बारावी करून बाहेर पडलो होतो. व्याकरणात मार्क चांगले पडायचे, म्हणजे अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह झोपेत करायचो, पण समोरचा बोलायला लागला की डोकं बंद. पहिल्या व्हायव्हाला सरांनी काहीतरी विचारलं, मी ‘यस सर’ म्हणालो, तर वर्गात हशा पिकला. प्रश्न ‘तुझं जर्नल कुठंय’ असा होता.

रूममेट नागपूरचा, कॉन्व्हेंटवाला, त्याच्याकडे टेप आणि वीसेक कॅसेटी. त्यातली एक ब्रायन अ‍ॅडम्सची. रात्री तो झोपला की मी ‘समर ऑफ सिक्स्टी नाईन’ लावायचो आणि पॉज दाबत दाबत वहीत लिहायचो. देवनागरीत बरं का, जे कानावर पडेल ते. त्या वहीचं पान अजून डोळ्यासमोर आहे. ‘फाईव्ह अँड डाईम’च्या जागी मी ‘फाईन टाईम’ लिहिलं होतं आणि अर्थ लावला होता की चांगल्या वेळी गिटार घेतली, म्हणजे मुहूर्तावर. नंतर कळलं की ते दुकान आहे, अमेरिकेत पूर्वी पाच सेंट दहा सेंटला वस्तू मिळायच्या तसलं. आपलं ‘हर एक माल दस रुपये’! म्हणजे पोराने पहिली गिटार हरमालच्या गाड्यावरून घेतली आणि बोटांतून रक्त येईपर्यंत वाजवली. एवढं कळल्यावर ते गाणं एकदम आमच्या गावचं वाटायला लागलं.

आणि शुडा म्हणजे शुड हॅव. शुड हॅव नोन. ‘कळायला हवं होतं’. मराठीत आपण दिवसातून दहादा म्हणतो की, आधीच सांगायला हवं होतं, छत्री घ्यायला हवी होती. हे इंग्रजीत कसं म्हणायचं हे मला आठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर ‘मोडल ऑक्झिलरी’ नावाच्या धड्यात पुरलं होतं.

तर प्रश्न असा की भाचीला असं शिकवावं का? तिची आई म्हणते गाण्यांनी व्याकरण बिघडेल, बोर्डाचं वर्ष आहे. तुमचे अनुभव लिहा.

आगाऊ_कार्टं

फाईन टाईम 😂😂 हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मुहूर्तावर गिटार!

निरुपद्रवी

वाईट वाटून घेऊ नका पण मी ताईंच्या बाजूने. गाणं म्हणजे शेवटी कविता, त्यात शब्द उलटेसुलटे, यमकासाठी काहीही. उद्या कुणी मराठी शिकायला आलेल्याला भावगीतं ऐकवली तर तो रिक्षावाल्याला ‘मज नेशील का स्टेशना’ म्हणेल. दुसरं म्हणजे चुका. पिंक फ्लॉइडचं ते भिंतीवालं गाणं घ्या, 1979 चं, ‘डोन्ट नीड नो एज्युकेशन’. दोन नकार! माझ्या मुलाने हे परीक्षेत लिहिलं तर बाई लाल पेनाने गोल करतील आणि बरोबरच करतील. आणि तुमच्याच गाण्यात ‘ट्राईड रियल हार्ड’ आहे, तिथे ‘रियली’ पाहिजे. ‘मी अँड सम गाईज’ आहे, तिथे ‘आय’ पाहिजे. किती मोजू?

सिअ‍ॅटलकर

निरुपद्रवी, गंमत म्हणजे तुम्ही मोजलेल्या सगळ्या गोष्टी मी रोज ऑफिसात ऐकतो. ‘रियल हार्ड’, ‘मी अँड हिम’, सगळं. आणि ‘शुडा’ इतकं कानात बसलेलं असतं की इथे जन्मलेली माणसं मेलमध्ये ‘शुड हॅव’ऐवजी ‘शुड ऑफ’ लिहितात! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं टायपो आहे. टायपो नव्हता, त्यांना तसंच ऐकू येतं. आपण व्याकरणाकडून कानाकडे गेलो आणि ते कानाकडून व्याकरणाकडे, त्यामुळे ही चूक आपल्याकडून होत नाही.

मी आलो तेव्हा माझा प्रॉब्लेम उलटा होता. मला वाचता लिहिता उत्तम यायचं, पण दुकानात काउंटरवरची मुलगी काय विचारतेय तेच कळायचं नाही. गॉना (गोईंग टू), वॉना (वाँट टू), गॉटा (गॉट टू), डिड्या (डिड यू), व्हॉड्या (व्हॉट डू यू). हे कुठल्या पुस्तकात असतं? गाण्यात असतं.

खडूफळा

धागा आवडला. मी जि.प. शाळेत सातवी आठवीला इंग्रजी शिकवते, गेली बरीच वर्षं गाणी वापरतेय, त्यामुळे जरा लांबण लावते, चालवून घ्या.

निरुपद्रवी म्हणतात ते अर्धं खरं आहे. दोन नकार परीक्षेत चालत नाहीत. पण मुलांना ते कळतं हो. मी विचारते, हे गाणं म्हणणारा शिकलेला आहे की शिक्षणाला वैतागलेला? ‘वैतागलेला!’ मग तो शाळेतल्या बाईंसारखं बोलेल का? ‘नाही!’ संपलं. आणि त्या गाण्यात मागे जी मुलं गातात ती लंडनमधल्या खऱ्याखुऱ्या शाळेतलीच मुलं होती, हे सांगितलं की वर्ग खूश. आपल्याकडे ‘म्या न्हाय गेलो’ म्हणणाऱ्या मुलाला निबंधात ‘मी गेलो नाही’ लिहायचं हे कळतंच ना. तसंच.

आता माझं खरं लाडकं गाणं. ‘फाईव्ह हंड्रेड माईल्स’. पीटर, पॉल अँड मेरी यांनी 1962 मध्ये म्हटलेलं. मी ब्लूटूथ स्पीकरवर लावलं तर पहिली ओळ संपायच्या आत मागच्या बाकावरून ‘जब कोई बात बिगड जाए’ सुरू! सगळा वर्ग ते म्हणायला लागला. चाल तीच ना, 1990 च्या ‘जुर्म’मध्ये आली. मला आधी राग आला, मग म्हटलं बरंच झालं, चाल पाठ आहे म्हणजे निम्मं काम झालं.

पहिलीच ओळ ‘इफ यू मिस द ट्रेन’. आता आपल्या मुलांकडून हे वाक्य लिहून घ्या. शंभरातली नव्वद ‘इफ यू मिस्ड द ट्रेन, देन यू विल नो’ लिहितील. का? कारण मराठीत आपण म्हणतो ‘गाडी चुकली तर’. चुकली! ‘पाऊस आला तर’, ‘तो भेटला तर’. गोष्ट अजून घडायचीय पण आपलं क्रियापद भूतकाळाचं रूप घेऊन बसतं. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ. आणि आपला ‘तर’ काही केल्या सुटत नाही म्हणून ते ‘देन’ चिकटतं. पुस्तकातल्या नियमाने हे जात नाही, मी दहा वर्षं नियम सांगून बघितलाय. पण गाण्यात ‘मिस्ड’ आणि ‘देन’ घालून म्हणून बघा, चालीत बसतच नाही, जीभ अडखळते. परीक्षेत अडलं की माझी मुलं ओठांतल्या ओठांत गुणगुणतात, सुपरवायझरला वाटतं कॉपी चाललीय.

त्याच ओळीत पुढे ‘आय अ‍ॅम गॉन’ आहे. ‘आय हॅव गॉन’ का नाही, हे एका मुलीने विचारलं. मी म्हटलं, ‘मी गेलोय’ आणि ‘मी गेलेला आहे’ यात फरक आहे का? ती विचार करून म्हणाली, दुसऱ्यात माणूस इथे नाही हे जास्त कळतं. ह्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

आगाऊ_कार्टं

मॅडम तुम्ही आमच्या शाळेत का नव्हता 🙏 आम्हाला ‘इफ’ म्हटलं की छडी आठवते.

चिंगी_ताई

+1 खडूफळा. ‘गाडी चुकली तर’ वाचून लख्ख प्रकाश पडला, मी आजपर्यंत ‘इफ आय केम’ म्हणत आलेय की!

माझं एक छोटं. मला ‘गोईंग टू होम’ म्हणायची सवय होती, ऑफिसातली एक मैत्रीण सारखी सुधारायची, ‘टू’ नको म्हणून. का नको ते तिलाही सांगता यायचं नाही, तिचं आपलं ‘बरोबर वाटत नाही’. मग जॉन डेन्व्हरचं कंट्री रोड्सवालं गाणं, 1971 चं, त्यात ‘टेक मी होम’ येतं. आणि एक दिवस भांडी घासता घासता डोक्यात आलं, अगं होम म्हणजे इथे ‘घर’ नाहीच, ‘घरी’ आहे! प्रत्यय आतच बसलाय. ‘घरीला जाते’ आपण म्हणतो का? आणि गंमत म्हणजे लगेच पुढच्या ओळीत ‘टू द प्लेस’ आहे, तिथे मात्र ‘टू’ आलंय, कारण प्लेस म्हणजे नुसती जागा. एकाच तोंडात दोन्ही. त्या दिवसापासून चुकले नाही.

पानसुपारी

वय 71. आमच्या काळात तर्खडकरांच्या पाठमाला, दुसरं काही नाही. त्यातून इंग्रजी पक्कं झालं यात शंका नाही, पण कान तयार झाला नाही हेही खरं. मी बँकेत होतो, तिथे गोव्याचा एक सहकारी होता, पिकनिकला गिटार घेऊन यायचा आणि हॅरी बेलाफोंटेचं ‘जमैका फेअरवेल’ म्हणायचा. त्यात ‘मेनी अ डे’ असं येतं. मी त्याला म्हटलं, मेनी असेल तर डेज पाहिजे, आणि मधे हा ‘अ’ कुठून आला? तो म्हणाला, साहेब गाणं म्हणा, ऑडिट नंतर करा.

पुढे कळलं की मेनी अ डे हे शुद्ध आहे, जरा जुन्या वळणाचं आहे इतकंच. मीच ऑडिटमध्ये नापास.

सिअ‍ॅटलकर

साहेब गाणं म्हणा 😄 कोरून ठेवावं असं वाक्य.

निरुपद्रवी

बरं, कान तयार होतो हे मान्य. पण चुकीचं ऐकू आलं तर? बार्शीचं फाईन टाईम झालंच ना. चुकीचं पाठ झालं की आयुष्यभर निघत नाही. मी आरतीत पन्नाशीपर्यंत ‘फळीवर वंदना’ म्हणत होतो. मला वाटायचं गणपती फळीवर ठेवलाय म्हणून. ‘फणिवर बंधना’ आहे ते, नाग कमरेला बांधलेला. बायकोने सांगितलं, तेही गुरुजींसमोर.

चिंगी_ताई

आमच्याकडे ‘दास रामाचा वाट पाहे सजणा’ जोरात चालतं. सदना कुणी म्हणतच नाही. रामदास स्वामी काय म्हणत असतील.

आगाऊ_कार्टं

‘संकष्टी पावावे’ पण लिहा. वर्षातून बाराच वेळा पाव बाप्पा, बाकी दिवस आम्ही बघून घेऊ.

सिअ‍ॅटलकर

ह्याला इंग्रजीत चक्क नाव आहे, मॉन्डेग्रीन. सिल्व्हिया राईट म्हणून लेखिका होती, तिने 1954 मध्ये हार्पर्स मासिकात लिहिलं होतं. लहानपणी आई तिला एक जुनं स्कॉटिश काव्य वाचून दाखवायची, त्यात सरदाराला मारून ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे हिरवळीवर टाकलं असं होतं. हिला ऐकू आलं ‘लेडी मॉन्डेग्रीन’. म्हणजे सरदाराबरोबर कोणी बाईपण मेली, आणि ही बिचारी त्या बाईसाठी हळहळत राहिली. बाई अस्तित्वातच नव्हती.

आणि क्रीडन्स नावाच्या अमेरिकन बँडचं 1969 चं ‘बॅड मून रायझिंग’, त्यात ‘बॅड मून ऑन द राईज’ आहे ते अर्ध्या अमेरिकेला ‘बाथरूम ऑन द राईट’ ऐकू येतं. गायक जॉन फोगर्टी स्वतः कार्यक्रमात कधीकधी मुद्दाम तसंच म्हणतो. तेव्हा निरुपद्रवी, तुमची फळी एकटी नाही.

खडूफळा

चुकीचं ऐकू येणं हाच तर धडा आहे. मुलं ‘फाईन टाईम’ का लिहितात? कारण मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचा मान देतो, सगळ्यांना सारखा वेळ. इंग्रजीत दोन शब्द जोरात आणि मधले चार गिळून टाकायचे. ‘अँड’चा नुसता ‘न’ उरतो, रॉक न रोल म्हणतो ना आपण, तसा. ‘द’, ‘अ’, ‘ऑफ’, ‘टू’ हे असे गिळले जाणारे. आणि मराठीत ‘अ’ ‘द’ नाहीतच म्हणून लिहिताना आपण नेमके तेच गाळतो. जे कानाला कधी सापडलं नाही ते हाताला कुठून येणार?

म्हणून मी गाळलेल्या जागा देते त्या मोठ्या शब्दांच्या नाही देत. मोठे शब्द मी लिहून देते, गाळते ते फक्त हे गिळलेले. गाणं तीनदा लावायचं, चौथ्यांदा स्पीड पाऊण करून. पाऊण स्पीडला गायक बेवड्यासारखा वाटतो, मुलं हसून लोळतात, पण ‘द’ ऐकू येतो. नेटवरचे शब्द शेवटीच दाखवायचे, आणि तेही डोळे झाकून खरे मानायचे नाहीत, तिथेही कुणीतरी ऐकूनच टायपलेलं असतं.

एडिंबरा विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, 2013 मध्ये छापून आला. 60 मोठ्या माणसांना हंगेरियन भाषेतली वाक्यं शिकवली, मुद्दाम अशी भाषा की कुणाला येत नसेल. एका गटाने नुसती म्हणायची, एकाने ठेक्यात, एकाने गाऊन. पंधरा मिनिटांनंतर गाणारे पुढे होते. फक्त पंधरा मिनिटांची गोष्ट आहे, त्यामुळे फार उड्या मारायला नकोत, पण मला माझ्या वर्गात जे दिसतं त्याच्याशी जुळतं.

बार्शी_लाईट

मंडळी कमाल आहात. उशीर झाला कारण काल आमचा प्रयोग चालू होता, रिपोर्ट देतो.

भाचीला म्हटलं शब्द बघायचे नाहीत, ऐक आणि लिही. एक तास चालला एका गाण्याला. आधी कंटाळली, मग ईर्षेला पेटली, फोन कानाला दाबून मागे पुढे मागे पुढे. आणि बाईसाहेबांनी काय लिहिलं माहितीये? ‘फाईव्ह इन द टाईम’. म्हटलं शाब्बास, घराण्याची परंपरा आहे.

मग ‘जिमी क्विट’वर अडली. म्हणे ‘क्विटेड’ पाहिजे ना, भूतकाळ आहे. तिला म्हटलं कट, पुट, हिट यांच्या जोडीला बसव. ती म्हणाली वा, म्हणजे आळशी क्रियापदं. ‘फिंगर्स ब्लेड’मधला ब्लेड तिला दाढीचं ब्लेड वाटलं! तिचंही काही चुकलं नाही, बोटं, रक्त, सगळं जुळतंय. ब्लीडचा भूतकाळ म्हटल्यावर स्वतःच फीड फेड, लीड लेड अशी यादी काढली.

सगळ्यात भारी ‘जोडी गॉट मॅरिड’. मी विचारलं, ताईचं लग्न झालं हे इंग्रजीत कसं सांगशील? ‘हर मॅरेज वॉज डन.’ मीपण असंच म्हणायचो. आपल्याकडे लग्न ‘होतं’, माणसं नुसती हजर असतात. इंग्रजीत माणूस गेट्स मॅरिड. हे बोलणं चालू असताना ताई (म्हणजे तिची आई) दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, बोर्डात हे येत नाही. पण स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच ऐकू आलं, ‘टिल माय फिंगर्स…’ वगैरे.

निरुपद्रवी, तुमचा मुद्दा पण घेतलाय. वहीत दोन रंग केलेत, निळ्यात जसं गायलंय तसं आणि हिरव्यात परीक्षेत लिहायचं तसं. ‘रियल हार्ड’ निळ्यात, ‘रियली हार्ड’ हिरव्यात.

निरुपद्रवी

दोन रंग चालेल. लाल नका ठेवू म्हणजे झालं.

अवांतर, ब्रायन अ‍ॅडम्सचा जन्म 1959 चा. म्हणजे 69 च्या उन्हाळ्यात हा नऊ वर्षांचा. बँड, गिटार आणि आयुष्यातले सर्वोत्तम दिवस, नवव्या वर्षी?

सिअ‍ॅटलकर

निरुपद्रवी, साहेब, गाणं म्हणा.

पानसुपारी

माझं वाक्य नाही ते, गोव्याच्या मित्राचं आहे, पण चालेल. मुलीला जमैकाही ऐकवा. सोपं आहे, सावकाश आहे, शब्द स्पष्ट आहेत.

बार्शी_लाईट

काका ऐकवलं. आवडलंय, सकाळपासून तेच चालू आहे. पण तिचा प्रश्न आहे आणि मला उत्तर येत नाही. विचारते की ‘मेनी अ डे’ कर्ता असेल तर पुढे हॅज लावायचं की हॅव? खडूफळा मॅडम?

खडूफळा

हॅज. अर्थ अनेक दिवसांचा असला तरी क्रियापद एकवचनी.

बार्शी_लाईट

सांगितलं. म्हणाली, मग एवढं मेनी मेनी कशाला करायचं.